डावखुऱ्या लेकीचा करार

पत्र:

"ताई, आम्ही मूळचे सांगलीचे, गेली बारा वर्षं डेन्मार्कमध्ये आहोत. माझी मुलगी सतरा वर्षांची. आठ वर्षांची असताना मैत्रिणीबरोबर हँडबॉलच्या हॉलमध्ये गेली आणि तिथलीच झाली. डावखुरी आहे, राइट बॅक खेळते, म्हणजे उजव्या बाजूने, जरा मागून शूट करणारी. आता तासाभराच्या अंतरावरच्या एका मोठ्या क्लबने तिला दोन वर्षांचा करार देऊ केला आहे. तिला जिमनेशियम, म्हणजे इथलं अकरावी-बारावीसारखं शिक्षण, अर्धवट सोडून पूर्ण वेळ खेळायचं आहे. नवरा म्हणतो आधी इंजिनिअरिंग. सासूबाई फोनवर म्हणतात, बॉल फेकून कुणाचं पोट भरलंय का? शिवाय 'ती तोकडी चड्डी' आहेच. बाकीच्या मुली ताडमाड, ही पाच फूट पाच इंच. गेल्या हिवाळ्यात घोटा मुरगळून पाच आठवडे घरी बसली होती. या खेळात मुलींचे गुडघे जातात असं ऐकते आणि झोप उडते. कधीतरी भारतात परत आलो तर या सगळ्याचा उपयोग काय? आणि बॉल हातातून निसटू नये म्हणून या मुली हातांना लावतात ती चिकट राळ, घरातल्या दारांच्या मुठींना लागलेली! काय करू सांगा. – एक आई, डेन्मार्क"

उत्तर:

ताई,

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण त्यांचा प्रश्न माझ्या घरातही शब्दशः असाच विचारला गेला होता. मी आधी जिल्ह्याकडून आणि मग राज्याकडून लेफ्ट बॅक खेळले, पण पोट भरलं ते बँकेच्या परीक्षेने. आपल्याकडे हँडबॉल म्हटलं की अजूनही लोक सोसायटीतल्या थ्रोबॉलच्या गोष्टी काढतात. तुम्ही राहता तो देश वेगळा आहे. तिथल्या मुलींनी १९९६, २००० आणि २००४ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं घेतली, पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ घेतलं. तिथे या खेळात पोट भरतं. किती वर्षं भरतं आणि कुणाच्या भरवशावर, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. करारावर सही करू द्या, जिमनेशियम सोडू देऊ नका. बापलेक दोघंही माझ्यावर थोडे थोडे रुसतील, चालेल.

डाव्या हाताबद्दल तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून मोकळ्या झालात, पण क्लब तासाभराच्या अंतरावरून तुमच्या दारी आला त्यात त्या हाताचा मोठा वाटा असणार. मैदान डोळ्यांपुढे आणा. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, गोलपोस्टपुढे सहा मीटरची डी. मैदानाच्या उजव्या बाजूने उजव्या हाताची मुलगी शूट करायला गेली की तिचा बॉलचा हात बाहेरच्या बाजूला राहतो आणि गोल तिरका, अरुंद दिसतो. डावखुरीचा हात त्याच जागी मैदानाच्या मध्याकडे असतो, तिला गोल उघडा दिसतो. म्हणून राइट बॅक आणि राइट विंग, म्हणजे उजव्या कडेची जागा, या दोन जागांसाठी सगळे कोच डावखुऱ्या मुली शोधत असतात, आणि त्या मुळातच कमी असतात. तुमच्याकडे लहानपणी कुणी तिच्या डाव्या हातातला घास काढून उजव्या हातात दिला होता की नाही, ठाऊक नाही. दिला असेल तर बरं झालं तिने ऐकलं नाही.

नॉर्वेची नोरा मोर्क ही अशीच डावखुरी राइट बॅक. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सगळ्यात जास्त म्हणजे ६२ गोल तिचे होते. पुढे ती तुमच्याच डेन्मार्कमध्ये एस्बियर्गला खेळली. लेक तिचे व्हिडिओ बघत असणारच. तिच्या गुडघ्यांवर किती शस्त्रक्रिया झाल्या तेही मात्र तुम्ही दोघींनी एकत्र बसून वाचा. ती कितीदा गेली, कितीदा परत आली, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये सुवर्ण गळ्यात घालून उभी राहिली. ही गोष्ट मी धीर द्यायला सांगतेय की घाबरवायला, मलाही नक्की सांगता येणार नाही. दोन्ही खरं आहे.

उंचीची काळजी मी फार करणार नाही. पाच फूट पाच इंचांत बॅकला अडचण येते, भिंतीसारख्या उभ्या बचावावरून शूट करणं कठीण जातं. पण अशा मुलीला बरेच कोच पुढे विंगला नेतात, आणि डावखुऱ्या विंगचं काय मोल असतं ते वर सांगितलंच. शिवाय दक्षिण कोरियाच्या मुली बघा. उंच युरोपियनांपुढे वेगाच्या आणि हुलकावणीच्या जोरावर १९८८ आणि १९९२ ची ऑलिंपिक सुवर्णं त्यांनी नेली. २००४ मध्ये अथेन्सच्या फायनलला त्या डेन्मार्कसमोर होत्या. सामना बरोबरीत, जादा वेळ, पुन्हा जादा वेळ, तरी ३४-३४. शेवटी सात मीटरच्या पेनल्टींवर डेन्मार्क जिंकलं. तुमच्या शेजारच्या कुठल्याही पन्नाशीतल्या बाईला त्या दिवसाबद्दल विचारून बघा, चहा थंड होईपर्यंत सोडणार नाही.

आता गुडघा. इथे जरा थांबते.

१९९८ साल. मातीचं मैदान, फक्कीने आखलेल्या रेषा, दुपारचं ऊन. मी डाव्या बाजूने हूल दिली, पाय रोवला आणि आत वळले. मला कुणी धक्का दिला नाही, शिवलंसुद्धा नाही. गुडघ्यातून 'टक' असा आवाज आला, कोरडी काटकी मोडावी तसा. संघाबरोबर डॉक्टर नव्हता. मैदानाबाहेरच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणला, रुमालात बांधून वर ठेवला. मॅनेजर म्हणाले, मुरगळलाय, जरा चालून बघ. दुसऱ्या दिवशी क्रेप बँडेज बांधून मी पुढचा सामना खेळले. लिगामेंट तुटलं होतं हे मला चार वर्षांनी एका डॉक्टरांनी सांगितलं. आजही बँकेचा जिना उतरताना मी कठडा धरते.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. हँडबॉलमध्ये मुलींचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, बहुतेक वेळा असंच जातं, म्हणून सांगतेय. हूल देऊन वळताना किंवा जंप शॉट मारून एका पायावर उतरताना, कुणाशी टक्कर न होता. मुलग्यांपेक्षा मुलींना हा धोका कितीतरी जास्त असतो. आता चांगली गोष्ट ऐका. नॉर्वेत ओस्लोच्या संशोधकांनी १५ ते १७ वर्षांच्या अठराशेहून जास्त हँडबॉल खेळाडूंवर एक प्रयोग केला, त्यात बहुतेक मुलीच होत्या. निम्म्या क्लबांनी सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं ठरावीक व्यायाम करायचा: डुगडुगत्या फळीवर तोल, गुडघा आत न झुकू देता उतरणं, वळण्याची पद्धत, मांड्यांची ताकद. बाकीच्यांनी नेहमीसारखं. २००५ मध्ये निकाल छापून आला. व्यायाम करणाऱ्या गटात गुडघ्या-घोट्याच्या दुखापती साधारण निम्म्यावर आल्या होत्या. पंधरा-वीस मिनिटं, ताई. आमच्या वेळी वॉर्मअप म्हणजे मैदानाला पाच फेऱ्या.

म्हणून नव्या क्लबला भेटायला जाल तेव्हा ट्रॉफ्यांचं कपाट बघू नका. सरावाच्या अर्धा तास आधी हॉलमध्ये जाऊन बसा. या गोष्टी करून घेतात का, आणि फिजिओ प्रत्यक्ष हजर असतो की त्याचं नाव नुसतं वेबसाइटवर आहे, तेवढं बघा. घोटा एकदा मुरगळलाय, त्या पायाचा तोल पुन्हा दुसऱ्या पायासारखा झालाय का, हेही त्याच्याकडून तपासून घ्या. आणि उद्या गुडघा गेलाच, तर शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने व्हायच्या आत तिला मैदानात उतरवणाऱ्या कुणाचंही ऐकू नका. त्यात ती स्वतःही आली.

दुसरी चिंता पैशाची. ही तुमच्या पत्रात नाही, पण असायला हवी होती.

युरोपात महिला हँडबॉलचे क्लब म्हणजे काही बँका नव्हेत. एखादा मोठा प्रायोजक, नगरपालिकेचा हॉल, तिकिटं आणि खूपशी स्वयंसेवक मंडळी, यावर ते चालतात. नॉर्वेचा वायपर्स क्रिस्टियान्सान हा क्लब २०२१, २०२२ आणि २०२३ अशी तीन वर्षं सलग चॅम्पियन्स लीग जिंकला. त्याच्या वर या खेळात क्लबला जिंकायला काही नाही. जानेवारी २०२५ मध्ये तो दिवाळखोरीत गेला, ऐन हंगामात. जगातल्या उत्तमांत गणल्या जाणाऱ्या मुली एका दिवसात बेकार. त्याच वर्षी उन्हाळ्यात जर्मनीचा विजेता क्लब लुडविग्सबुर्गही नादारीत निघाला. वर्षभर आधीच तो, जुन्या नावाने, चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला होता.

त्यामुळे करार वाचताना पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. पहिल्या कराराचा आकडा तसाही बघून डोळे दिपतील असा नसतो. तुमच्याकडच्या लीगमधल्या बऱ्याच मुली शिकत शिकत किंवा अर्धवेळ नोकरी करत खेळतात. बघायचं ते हे: बरेच महिने चालणारी दुखापत झाली तर पगार चालू राहतो का, आणि किती महिने? एमआरआय आणि शस्त्रक्रिया लवकर करून देण्याची जबाबदारी कुणाची? दुसऱ्या वर्षी क्लबला वाटलं तर तो करार तोडू शकतो का, आणि तसंच मुलीला वाटलं तर? शाळेच्या परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी लिहून दिली आहे का, की तोंडी 'हो हो, बघू'? तोंडी गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी सत्तावीस वर्षं कर्जाच्या फायली बघितल्यात.

हे सगळं तुम्हाला एकटीने वाचायचं नाही. डेन्मार्कमध्ये हँडबॉल खेळाडूंची स्वतःची संघटना आहे, हँडबोल स्पिलर फोरेनिंगेन. सहीआधी कागद त्यांच्याकडे न्या. क्लबला याचा राग आला, तर त्या क्लबबद्दल तुम्हाला जे कळायला हवं होतं ते फुकटात कळलं.

जिमनेशियमबद्दल तुमच्या नवऱ्यासाठी एक माहिती. वरच्या दर्जाच्या खेळाडूंना तिथलं तीन वर्षांचं जिमनेशियम चार वर्षांत करता येतं, टीम डेन्मार्क या तिथल्या अव्वल खेळाडूंसाठीच्या संस्थेच्या व्यवस्थेतून. लेक त्यात बसते का हे क्लबला आणि शाळेला एकाच आठवड्यात विचारा. म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं टळेल. बसत असेल तर भांडणाचं कारणच संपलं. इंजिनिअरिंगही पुढे होईल. अठराव्या वर्षीच झालं पाहिजे असा काही नियम नाही, तो फक्त आपल्या सांगली-मिरजेतला आहे.

मुलगी विचारेल, अभ्यास कशाला, मी तर चाळिशीपर्यंत खेळणार. तिला सांगा, तेवढं खेळतात त्या गोलकीपर. नॉर्वेची कात्रिने लुंडे २००८ आणि २०१२ ला सुवर्ण घेऊन गेली, मध्ये आई झाली, आणि २०२४ ला चव्वेचाळिसाव्या वर्षी परत सुवर्ण. पण ती गोलमध्ये उभी असते. तिच्याच संघाची कॅप्टन स्टिने ओफ्टेडाल मधल्या फळीत खेळायची. तिने त्याच पॅरिसच्या फायनलनंतर बत्तिसाव्या वर्षी थांबायचं ठरवलं, हातात सगळं असताना. आणि रुमानियाची क्रिस्टिना नेआगू. २०१० ला जगातली सर्वोत्तम ठरली, मग खांदा गेला, गुडघा गेला, लोकांनी तिला संपवून टाकलं. २०१५, २०१६ आणि २०१८ ला ती पुन्हा सर्वोत्तम. अशी चिवट बाई शतकात एखादी. आपली लेक तशी निघाली तर उत्तमच, पण तिच्याच भरवशावर कागद करायचे नसतात.

आई होण्याचा विषय सतराव्या वर्षी कशाला, असं तुम्हाला वाटेल. आता नकोच. फक्त हे माहीत असू द्या की फ्रान्सच्या महिला लीगमध्ये २०२१ ला जो सामूहिक करार झाला त्यात गरोदर खेळाडूचा पगार वर्षभर चालू ठेवायचं कलम आहे. कुणीतरी टेबलावर बसून ते भांडून मिळवलंय. लेकीचा तिसरा किंवा चौथा करार होईल तेव्हा तिला हे आठवलं पाहिजे.

चड्डीबद्दल सासूबाईंना एक किस्सा सांगा, पण फोन स्पीकरवर ठेवू नका. २०२१ मध्ये बल्गेरियात वार्ना इथे युरोपियन बीच हँडबॉल स्पर्धा होती. नियम होता की मुलींनी बिकिनीच घालायची. नॉर्वेच्या मुली म्हणाल्या आम्ही चड्डी घालून खेळणार, आणि खेळल्या. दंड झाला दीडशे युरो प्रत्येकीला, एकूण पंधराशे. जगभर छी-थू झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला. म्हणजे ज्या चड्डीवर सासूबाईंचा आक्षेप आहे तिच्यासाठी तिकडच्या मुलींनी दंड सोसलाय. बघा, त्यांना काय वाटतं ते मलाही कळवा.

भारतात परत यायचं झालं तर, ताई, खरं सांगते. आपल्याकडे अजून हँडबॉल म्हणजे नोकरीची वाट आहे. रेल्वे, पोलीस, निमलष्करी दलं, आणि महाराष्ट्रात सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. त्याला इथल्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची सर्टिफिकेटं लागतात, डेन्मार्कचा करार दाखवून कुणी खुर्ची देणार नाही. २०२३ मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली, ती महाराष्ट्र आयर्नमेननी जिंकली, आम्ही टीव्हीसमोर ओरडलो. पण ती पुरुषांची. हिमाचलात बिलासपूर जिल्ह्यातल्या मोरसिंघी गावातून मात्र मुलींची एक अख्खी पिढी भारतीय संघात गेली. एका माजी खेळाडूने आणि तिच्या नवऱ्याने घरच्या जमिनीवर ती नर्सरी, म्हणजे मुलींचं प्रशिक्षण केंद्र, उभी केली. २०२४ च्या डिसेंबरात दिल्लीत महिलांची आशियाई स्पर्धा झाली आणि जपान जिंकलं. भारताच्या मुली घरच्या प्रेक्षकांसमोर खेळल्या. त्या हॉलमध्ये मी नव्हते, याची चुटपुट अजून आहे. तर परत येण्याचा हिशेब करून हा करार नाकारू नका, आणि तो हिशेब करून स्वीकारूही नका. उद्या ती परत आली तर सोबत डिग्री आणणार, ती जिमनेशियम चालू ठेवलं म्हणून.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती विचारते. सहीच्या दिवशी ती एकटी जाणार आहे की तुम्ही दोघं बरोबर? अठरा पूर्ण नाहीत, म्हणजे तुमची संमती लागणारच. पण फक्त सहीपुरतं जाऊ नका. तिच्या बाबांना न्या. ज्या माणसाला आधी इंजिनिअरिंग हवंय त्याने तो हॉल, ती दुखापतीची खोली, ती मुलगी जिथे राहणार ती खोली बघितलीच पाहिजे. माझे वडील मला एकदाही खेळताना बघायला आले नाहीत. वाईट माणूस नव्हते. कुणी 'चला' म्हटलंच नाही, आणि मीही म्हटलं नाही.

कराराचा दुखापतीचा परिच्छेद समजला नाही तर मला पाठवा, डॅनिशमधून मराठी करून. मी वकील नाही, पण बारीक अक्षरं वाचायची सवय आहे.

आणि राळ. साबणाने घासू नका, आणखी पसरते. दारांच्या मुठींवर कापसाने खोबरेल तेल लावा, दहा मिनिटं ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा, मग साबण. तिच्या हातांनाही हेच. जर्सीवर लागली असेल तर धुण्याआधी त्याच जागी तेल चोळा. आमच्याकडे राळ परवडायची नाही, आम्ही तळहातांना नुसती मातीच चोळायचो.

तुमची,
ताई